रातपाळीचे कर्ज



भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ह्या गावांतील यंत्रमागांच्या वस्तीतून पहाटे चारच्या सुमारास जाणाऱ्याला रात्र आणि दिवस ह्यांतला फरक केवळ उजेडावरून करावा लागतो. आवाजावरून तो करता येत नाही. मागांचा खडखडाट अखंड चालू असतो. आत पत्र्याच्या छपराखाली एकेक कामगार चार, सहा, कधी आठ माग सांभाळत फिरत असतो. कांडी संपली की नवी घालायची, ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून तो सांधायचा, माग पुन्हा सुरू करून पुढच्या मागाकडे वळायचे. संध्याकाळी कामावर आलेल्या ह्या माणसाची बारा तासांची पाळी संपायला अजून तीन तास असतात. तुटलेला धागा त्याला दिसतो. परंतु दिसणे आणि हात पुढे होणे ह्यांच्यामध्ये क्षणभराची पोकळी पडू लागलेली असते. ह्या पोकळीचे नाव थकवा.

ह्या थकव्याला तोंड कसे द्यावे, हा प्रश्न वरकरणी आरोग्याचा, किंबहुना घरगुती सल्ल्याचा वाटतो. चहा घ्यावा, तोंडावर पाणी मारावे, तंबाखूची चिमूट दाढेखाली धरावी, मन घट्ट करावे. सवयीने सारे अंगवळणी पडते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मालकाच्या दृष्टीने थकवा हा कामगाराचा आळस असतो. कामगार स्वतः तो वयाचा दोष मानतो आणि झाकून ठेवतो. दोघांच्याही मनात ती त्या एका माणसाची उणीव असते. वस्तुतः थकवा हे कर्ज आहे. ते कोणी काढायला लावले, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडला आणि त्याची फेड कोण करीत आहे, हे प्रश्न कोणत्याही कर्जाप्रमाणे ह्याही कर्जाविषयी विचारले पाहिजेत. ते विचारले म्हणजे सल्ल्याची मर्यादाही कळते आणि उपायाची दिशाही दिसते.

प्रथम शरीराचा हिशेब पाहावा. झोपेची ओढ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. माणूस जागा होऊन किती तास झाले, ही एक. आणि त्याच्या शरीरातील घड्याळात किती वाजले आहेत, ही दुसरी. हे घड्याळ मेंदूत असते आणि ते मुख्यत्वे सूर्यप्रकाशावर लावले जाते. रात्री उशिरा शरीराचे तापमान उतरू लागते, पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते आणि सावधपणाही त्याबरोबर ओसरतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तशीच एक लहान ओहोटी येते. रातपाळीच्या कामगाराला जागरणाचे तास आणि घड्याळाची ओहोटी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी गाठतात. घरी जाऊन तो झोपतो तेव्हा घड्याळ त्याला उठवू पाहत असते. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून तुटक आणि तोकडी होते. आठवड्याने किंवा पंधरवड्याने पाळी बदलते, म्हणजे शरीर नुकतेच रुळू लागले की त्याला पुन्हा उलटे फिरवले जाते.

ह्याचे मोजमापही झालेले आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड ह्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सतत १७ तास जागा असलेल्या माणसाच्या हातांची आणि लक्षाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते. २४ तासांच्या जागरणानंतर ती सुमारे ०.१० टक्के मद्य असल्यासारखी होते. भारतीय कायद्याने वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा ०.०३ टक्के ठरवली आहे. घरच्या कामासाठी दुपारी बाराला उठलेला आणि सातला मागावर उभा राहिलेला माणूस पहाटे पाचला १७ तास जागा असतो. ज्या अवस्थेत त्याने वाहन चालवले असते तर पोलिसांनी त्याला अडवले असते, त्याच अवस्थेत तो फिरत्या पट्ट्यांजवळ आणि सपासप जाणाऱ्या धोट्यांजवळ उभा असतो. त्याला मात्र कोणी अडवीत नाही. उलट तो थांबला तर त्याची मजुरी थांबते.

दुसरी एक गोष्ट त्याहून चिंताजनक आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. चौदाव्या दिवशी त्यांचे लक्ष एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतके ढासळले होते; परंतु त्यांना स्वतःला ते फारसे जाणवत नव्हते. “आता सवय झाली” असे रातपाळीचा जुना कामगार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. कर्ज वाढतच असते. ते वाढल्याची जाणीव तेवढी बोथट झालेली असते. म्हणून थकलेल्या माणसाने आपल्या थकव्याचा न्याय स्वतः करू नये. तो शेजारच्या मागावरील सोबत्याने करावा.

आता उपायांकडे वळता येईल. ज्याला आज रात्री पाळीवर जायचेच आहे, त्याला उद्याच्या न्याय्य व्यवस्थेची आशा पुरेशी होत नाही. आजची रात्र कशी काढावी हे त्याला कळले पाहिजे. रातपाळीच्या पहिल्या दिवशी दुपारी तास-दीड तास झोप काढून निघावे. ही आगाऊ झोप पहाटे उपयोगी पडते. मुख्य जेवण पाळीपूर्वी किंवा मध्यरात्रीच्या आत घ्यावे. नंतर थोडे आणि हलके खावे, कारण पहाटे पचनशक्तीही मंद असते. पाणी पीत राहावे. चहा पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा. चहातील उत्तेजक द्रव्य शरीरात निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून पहाटे पाचला घेतलेला कप सकाळच्या झोपेतून वजा होतो. मध्ये विश्रांती मिळाली तर १५-२० मिनिटे डोळे मिटावेत. त्याहून अधिक झोपल्यास उठल्यावर काही काळ गुंगी राहते, म्हणून उठल्याबरोबर यंत्राला हात लावू नये. अवघड आणि धोक्याचे काम होता होईतो पहाटे तीनच्या आत उरकावे. सकाळी घरी जाताना दुचाकी स्वतः चालवू नये. डोळ्यांवर फार ऊन पडू देऊ नये, खिडकीला जाड कापड लावावे आणि शक्यतो रोज एकाच वेळी झोपावे. तंबाखूविषयी एवढेच सांगणे पुरे की, ती थकवा दूर करीत नाही. त्याची वार्ता तेवढी दाबून ठेवते आणि त्याबद्दल वेगळी किंमत वसूल करते.

हे सारे सल्ले खरे आहेत आणि पाळण्याजोगे आहेत. परंतु प्रत्येक सल्ल्यापुढे एक साधा प्रश्न मांडून पाहावा: ह्यासाठी काय लागते आणि ते कोणाच्या हाती आहे? वीस मिनिटे डोळे मिटायला आडवे होण्याची जागा लागते आणि तेवढा वेळ माग पाहणारा दुसरा माणूस लागतो. दिवसा झोपायला शांत, अंधारी खोली लागते. यंत्रमागाच्या गावात परप्रांतातून किंवा खेड्यातून आलेले आठ-दहा जण एका खोलीत भाड्याने राहतात. दिवसपाळीवाले उठतात आणि त्याच वळकट्यांवर रातपाळीवाले पडतात. भिंतीपलीकडे मागच चालू असतात. दुचाकी चालवू नये, तर येण्याजाण्याची दुसरी सोय लागते. अवघड काम पहाटेपूर्वी उरकावे म्हटले, तरी धागा तुटण्याची वेळ कामगार ठरवीत नाही. थोडक्यात, थकव्याशी सामना करण्याची जी साधने आहेत त्यांतील चहा आणि निर्धार एवढी दोनच कामगाराच्या खिशात असतात. जागा, वेळ, जोडीदार, घर आणि पाळीचे वेळापत्रक ही बाकीची साधने दुसऱ्यांच्या हातात असतात. जो सल्लागार पहिल्या दोहोंचीच वाखाणणी करतो आणि उरलेल्यांविषयी मौन पाळतो, तो नकळत कर्जदारालाच काटकसरीचा उपदेश करीत असतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतर कित्येक वर्षे कामाचा दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, असाच नियम होता. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ मुलांच्या कामावर मर्यादा घातली. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन त्यांनी सादर केले, त्यातील मागण्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आठवड्यातून रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती ह्या मागण्या आरंभीच होत्या. वेतन वेळेवर मिळावे आणि अपघाताची भरपाई मिळावी, ह्या मागण्या त्यांच्यानंतर येतात. पैशाची निकड असलेल्या माणसांनी प्रथम विसावा मागावा, ह्यावरून त्यांच्या देहावर किती भार होता ह्याचा अंदाज करता येतो. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले.

सूर्य मावळला की माग थांबत, एवढी एक नैसर्गिक सवलत कामगाराला होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे आले आणि ती सवलतही गेली. कामाचा दिवस १४-१५ तासांपर्यंत लांबला आणि त्याच वर्षी कामगारांनी त्याविरुद्ध उठाव केला. जे यंत्र श्रम हलके करू शकले असते तेच ते लांबवू लागले, ही गोष्ट पुढेही अनेकदा घडली आहे.

१९०८ च्या कारखाना मजूर आयोगापुढे मालकांकडून एक युक्तिवाद वारंवार झाला. हिंदी मजूर सतत काम करीतच नाही, तो अंगणात रेंगाळतो, विडी ओढतो, पाणी प्यायला जातो. तेव्हा त्याच्या तासांवर मर्यादा घालण्याचे कारण नाही, असे ते म्हणत. रेंगाळणे खरेच होते. पण चौदा तास कोणीही सलग काम करू शकत नाही. कायद्याने न दिलेली विश्रांती कामगार चोरून घेत होता. शरीराची ती स्वयंनिर्मित सुरक्षा होती आणि तिलाच आळसाचा पुरावा ठरवण्यात आले. आयोगातील डॉ. टी. एम. नायर ह्यांनी बहुमताशी असहमती नोंदवून प्रौढ पुरुषांच्याही कामाचे तास कायद्याने बांधावेत, असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा प्रथम घातली.

पुढचा क्रम असा आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा ठराव केला. परंतु हिंदुस्थानासाठी आठवड्याला ६० तासांचा अपवाद ठेवला. १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि दहा तासांचा दिवस पदरात पडला. १९२२ च्या कायद्याने मर्यादा दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास केली. १९३४ च्या कायद्याने ती १० आणि ५४ वर आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना ४८ तासांच्या आठवड्याचा पाठपुरावा झाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो कायम केला. दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर ही त्याची चौकट होती. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस ह्यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, तेव्हा गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आठ तासांची पाळी ही त्यातील एक मागणी होती. तो संप तीन आठवड्यांत मोडून काढण्यात आला. पण इंजिनाच्या चालकाची झोप हा हजारो प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, ही गोष्ट तेव्हापासून पुसून टाकता आलेली नाही.

ह्या नव्वद वर्षांत कामाचा दिवस चौदा तासांवरून नवावर आला. त्यातील एकही तास कामगाराच्या निर्धारामुळे, आहारामुळे किंवा चांगल्या सवयींमुळे कमी झाला नाही. तो सभा, संप आणि कायदे ह्यांमुळे कमी झाला.

येथे अर्थशास्त्राचा एक रास्त प्रश्न उभा राहतो. तास कमी केले तर उत्पादन घटणार नाही काय? ह्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. जर्मनीतील येना येथील त्साइस कारखान्यात एर्न्स्ट आबे ह्यांनी १९०० साली नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला आणि उत्पादन घटले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष आठवड्याला ६०-७० तास राबत होते. १९१५ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीच्या कामात एच. एम. व्हर्नन ह्यांनी तासागणिक उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या. जॉन पेनकेव्हल ह्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच नोंदींचा पुन्हा अभ्यास करून २०१५ साली असे दाखवले की, आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढते, त्यापुढे वाढीचा वेग मंदावतो, आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नसते. म्हणजे शेवटचे चौदा तास कामगाराने दिले आणि ते जवळजवळ कोणालाच मिळाले नाहीत.

असे असता बारा तासांची पाळी का टिकून राहते? मालक मूर्ख आहेत असे मानणे सोपे, पण चुकीचे आहे. माग स्वतःच्या गतीने चालतो; कामगार थकला म्हणून धोटा हळू जात नाही. थकव्याची किंमत अशा कामात मीटरच्या आकड्यात लगेच उतरत नाही. ती कापडातील दोषात, मागाच्या थांबण्यात, चेचलेल्या बोटात आणि अकाली उतरलेल्या वयात जमा होते. आता त्या एकेका बाबीचा भार कोणावर पडतो ते पाहावे. मजुरी मीटरवर असते, म्हणून माग थांबला की कामगाराची मिळकत थांबते. कापडात दोष निघाला की मजुरीतून वजावट होते. अपघाताची नोंद बहुधा होत नाही, कारण कामगाराचे नावच अनेक ठिकाणी हजेरीपटावर नसते. आणि पंचेचाळिशीत ऐकू येईनासे झालेला, खोकणारा कामगार गावी परत जातो तेव्हा त्याचा खर्च त्याचे कुटुंब आणि सरकारी दवाखाना सोसतो. उलट तीन पाळ्यांऐवजी दोन पाळ्यांत माग चालवले की तीन माणसांचे काम दोघांत भागते. माणसे शोधणे, शिकवणे, उचल देणे हे सारे एकतृतीयांशाने कमी होते. लाभ एका वहीत आणि तोटा दुसऱ्या वहीत लिहिला जात असेल, तर पहिल्या वहीच्या धन्याला तो व्यवहार फायद्याचाच दिसणार. कर्ज काढणारा आणि फेडणारा वेगवेगळे झाले, हे ह्या व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे.

परंतु ह्या चित्रात एक अवघड भाग आहे आणि कामगार चळवळीने तो टाळू नये. बारा तास पुष्कळदा कामगारालाच हवे असतात. आठ तासांचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्याला मागावरचा माणूस विचारतो, “चार तासांची मजुरी कोण देणार?” हा प्रश्न अज्ञानाचा नाही. घरी पैसे पाठवायचे असतात, उचल फेडायची असते. परक्या गावात रिकाम्या वेळेत जायला जागा नसते आणि खोलीत वळकटी दुसऱ्याच्या अंगाखाली असते. त्याने केलेला हिशेब त्याच्या परिस्थितीत बरोबरच असतो. मात्र त्या हिशेबात एक गोष्ट सुटते. बारा तासांवर घर चालवण्याची सवय सर्वांना लागली, म्हणजे दर असा स्थिरावतो की बारा तासांतच घर चालावे. एकट्याने चार तास अधिक काम केले तर त्याला चार तास अधिक मिळतात. सर्वांनी केले तर कालांतराने बारा तासांत आठ तासांचीच मजुरी मिळते. एकट्याला लाभाची वाटणारी गोष्ट सर्वांनी केली की सर्वांच्या तोट्याची होते, अशी उदाहरणे अर्थशास्त्रात पुष्कळ आहेत. हे त्यांतले सर्वांत महाग उदाहरण आहे. म्हणूनच तासांची मागणी दराच्या मागणीपासून तोडता येत नाही. “आठ तास” ही अर्धी मागणी आहे; “आठ तासांत घर चालेल असा दर” ही पूर्ण मागणी आहे. अर्धी मागणी घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला कामगाराने परत पाठवले, तर दोष कामगाराचा नाही.

ह्या पार्श्वभूमीवर अलीकडच्या घडामोडी पाहाव्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. त्या संहितेत दिवसाच्या आठ तासांचे तत्त्व आहे, जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर हवा असेही म्हटले आहे. तथापि त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या ठिकाणाला कारखाना म्हणण्यासाठी लागणारी कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली आहे. चार-चार, आठ-आठ मागांचे गाळे वेगवेगळ्या नावांनी चालवणाऱ्या यंत्रमागाच्या गावात ह्या आकड्याचा अर्थ काय होतो, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

संमतीविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ज्याच्या अंगावर उचल आहे आणि ज्याच्या जागेसाठी फाटकापाशी दुसरा उभा आहे, त्याच्या सहीला संमती म्हणणे हे शब्दाचे अवमूल्यन आहे. बारा तास काम केले तर आठवड्यात चारच दिवस कामावर यावे लागेल, असेही सांगितले जाते. ज्या गावांत बारा तासांची पाळी गेली कित्येक दशके प्रत्यक्षात चालू आहे, तेथील कामगाराला तीन दिवसांची सुट्टी मिळालेली नाही. कायद्याबाहेर चालणारी गोष्ट कायद्यात आणल्याने ती आपोआप सौम्य होते, असा अनुभव नाही.

बारा तासांच्या पाळीचा आणखी एक भार फाटकाबाहेर वाहिला जातो. दिवसा झोपलेल्या माणसासाठी मुलांना गप्प ठेवणारी, वेळी-अवेळी चूल पेटवणारी स्त्री कोणत्याही हजेरीपटावर नसते. ती स्वतः कांड्या भरण्याच्या किंवा अन्य मजुरीच्या कामाला जात असेल, तर तिची दुसरी पाळी घरी सुरू होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७. पुरुषाचे तास कमी झाले आणि घरातील कामाची वाटणी तीच राहिली, तर कर्जातला अर्धा भाग तसाच राहील. ह्याचा विचार संघटनेच्या सभेत जितका व्हायला हवा तितकाच सभेहून परतलेल्या कार्यकर्त्याच्या घरातही व्हायला हवा.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या मागणीची वाट पाहत लहान गोष्टी सोडू नयेत; लहान गोष्टी पदरात पडल्याने मोठी मागणी करण्याचे बळ येते. प्रत्येक शेडमध्ये आडवे होता येईल एवढी स्वच्छ जागा आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. त्या वेळी माग सांभाळायला फिरता बदली कामगार. दिवसपाळी करून लगेच रातपाळीला उभे करण्याची पूर्ण बंदी. प्रत्येकाच्या नावाची हजेरी आणि प्रत्येक अपघाताची नोंद. थकव्याच्या तासांत निघालेल्या दोषांबद्दल वजावट बंद. ह्या मागण्या कोणत्याही गावात आज करता येतील अशा आहेत. त्यानंतर दोनऐवजी तीन पाळ्या आणि आठ तासांत घर चालेल असा मीटरचा दर ही मुख्य मागणी येते. तीन पाळ्यांत तिसऱ्या माणसाला काम मिळते, ही गोष्ट बेकारीविषयी चिंता व्यक्त करणाऱ्या शासनाला आवर्जून सांगण्यासारखी आहे. आणि आठ तासांची पाळी आली तरी रातपाळी उरेल. तेव्हा ती सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकणारी असावी, कारण शरीराच्या घड्याळाला मागे जाण्यापेक्षा पुढे जाणे सोपे जाते.

१८८४ साली परळच्या सभेला आलेल्या कामगारांना मेंदूतील घड्याळाची माहिती नव्हती, उत्पादनाचे तक्ते त्यांनी पाहिले नव्हते. दुपारी अर्धा तास बसू द्या, एवढे त्यांना सांगता येत होते आणि ते त्यांनी सह्या-अंगठे करून सांगितले. आज थकव्याविषयीचे ज्ञान पुष्कळ वाढले आहे. परंतु पहाटे चारला मागापाशी उभ्या असलेल्या माणसाला बसण्याची जागा त्या ज्ञानाने अजून मिळालेली नाही. ती मिळवून देणे हे काम सल्ल्याचे नाही, संघटनेचे आहे. तोवर त्याने चहा अवश्य घ्यावा. पण झापड येते ही आपली चूक, असे मात्र त्याने मानू नये, आणि इतरांनी त्याला तसे मानू देऊ नये.